कुत्र्याच्या कुळात वाघ कसा आला?

इम्पोर्टेड कुत्र्याच्या सौद्यात एक वाक्य हुकमी असतं. नाशिकला गंगापूर रस्त्यावरच्या बंगल्यासाठी किंवा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेतल्या फार्महाऊससाठी राखणीचं कुत्रं घ्यायला निघालेल्या माणसाने बाकीचं सगळं आधी ऐकलेलं असतं. लाइन सर्बियाची आहे, आजोबा चॅम्पियन होते, हेवी बोन आहे, पेपर आहेत, मायक्रोचिप आहे. घरातल्या मुलांच्या अंगाखांद्यावर खेळेल आणि परक्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू देणार नाही. तरीही गिऱ्हाईक किमतीवर अडलं की विकणारा आवाज खाली आणतो आणि सांगतो, याच्या रक्तात लांडगा आहे.

या एका वाक्याची कुळकथा मला सांगायची आहे. हे वाक्य आजच्या व्हिडिओंच्या जमान्यात जन्मलेलं नाही. ते निदान २,३०० वर्षांचं आहे आणि ते आपल्याकडून बाहेर गेलं, आपण ते बाहेरून आणलेलं नाही. एके काळी परदेशातल्या श्रीमंतांच्या दारात बांधलेला इम्पोर्टेड कुत्रा हिंदुस्थानी असायचा. त्याच्या रक्तात लांडगा नव्हे, वाघ आहे असं सांगितलं जायचं. आणि हा वाघ कुत्र्याच्या कुळात कसा शिरला याचं उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, नाशिक जिल्ह्यातल्या उसाच्या फडात रोज दिसणाऱ्या एका वस्तूत आहे.

आधी अलीकडच्या दोन घटना. मार्च २०१४ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात सोनेरी आयाळीचं तिबेटी मॅस्टिफचं एक वर्षाचं कुत्रं एक कोटी वीस लाख युआनला विकलं गेल्याची बातमी जगभर छापून आली. विकणाऱ्याने वार्ताहरांना सांगितलं की या कुत्र्यांत सिंहाचं रक्त आहे. पुढच्याच वर्षी तिथला बाजार कोसळला आणि तीच जात बेवारस फिरू लागली. २०२५ मध्ये बंगळूरच्या एका श्वानपालकाने लांडगा आणि कॉकेशियन शेफर्ड यांच्या संकराचं कुत्रं अमेरिकेतून ५० कोटी रुपयांना आणल्याचा दावा केला. बातमी आपल्याकडच्या घराघरांत मोबाईलवर पोचली. एवढा पैसा परदेशी गेला कसा, म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये ईडी त्याच्या दारात गेली, आणि दावा खोटा असल्याचं प्राथमिक चौकशीतून बाहेर आलं. सिंह, लांडगा. आता वाघ.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात संकराची चर्चा करताना हिंदुस्थानी कुत्र्यांचा उल्लेख केला आहे. ही कुत्री वाघ आणि कुत्री यांच्या संकरातून होतात, असं लोक सांगतात, असं तो म्हणतो. पहिल्या संकराची पिल्लं फार हिंस्र निघतात, म्हणून तिसऱ्या पिढीची पाळतात. त्यासाठी कुत्र्यांच्या माद्या निर्जन जागी नेऊन बांधून ठेवतात. त्यातल्या पुष्कळशा वाघ खाऊन टाकतो, तो माजावर असला तरच जुगतो. ग्रंथातला मजकूर एवढाच, दोन-तीन ओळींचा. पण वाघाच्या रक्ताचा दावा पुढे डायोडोरस, प्लिनी अशा एकेकाने उचलला आणि चारशे वर्षं तो ग्रीक-रोमन जगात फिरत राहिला.

या दाव्याला गिऱ्हाईक तयार होतं. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हिरोडोटस लिहितो की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे हिंदुस्थानी कुत्री इतकी होती की सपाटीवरच्या चार मोठ्या गावांना बाकीचे सगळे कर माफ होते. त्यांनी फक्त या कुत्र्यांना खायला घालायचं. ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी फौजेमागेही हिंदुस्थानी कुत्री होती, असं तोच सांगतो. इजिप्तमध्ये फायूम भागात झेनॉन नावाचा एक कारभारी होता, टॉलेमी राजाच्या अर्थमंत्र्याची जमीनजुमल्याची व्यवस्था पाहणारा. त्याचे कागद पपायरसवर टिकले आहेत. त्याच्याकडे टॉरॉन नावाचा हिंदुस्थानी कुत्रा होता. रानडुकराने धन्यावर चाल केली तेव्हा टॉरॉन मध्ये पडला, डुकराला मारलं आणि स्वतःही मेला. झेनॉनने त्याच्या समाधीसाठी कविता लिहवून घेतली, तीही एक नव्हे, दोन. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला हा टॉरॉन मला या सगळ्या कथेत सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्याबद्दल कोणी दावा केला नाही. त्याने केलेलं काम लिहून ठेवलं गेलं.

दावा आणि काम यांच्या मधली तिसरी गोष्ट म्हणजे प्रात्यक्षिक, डेमो. त्याचाही मूळपुरुष आपल्याच बाजूचा आहे. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये शिकंदर पंजाबात होता. मिठाच्या डोंगराजवळ सोफायटिसचं राज्य होतं. आपल्याकडचे काही अभ्यासक त्याचं नाव सौभूती असं लावतात. त्याने शिकंदराला दीडशे कुत्री नजर केली आणि त्यांच्यात वाघाचं रक्त असल्याची ख्याती होती. नुसत्या ख्यातीवर त्याने भागवलं नाही. बंदिस्त जागेत पूर्ण वाढलेला सिंह सोडला आणि त्यावर आधी सगळ्यांत कमअस्सल अशी दोन कुत्री घातली. सिंह वरचढ होतोय असं दिसल्यावर आणखी दोन सोडली. चौघांनी सिंहाला आवरलं. मग एक माणूस सुरा घेऊन पुढे झाला आणि सिंहाला चावून बसलेल्या एका कुत्र्याचा पाय कापू लागला. शिकंदर ओरडला, त्याच्या रक्षकांनी त्या माणसाला थांबवलं. सोफायटिस म्हणाला, या एकाच्या बदल्यात मी तीन देतो. मग पाय सावकाश कापला गेला. कुत्रं विव्हळलं नाही, जबडा सोडला नाही, आणि रक्त जाऊन तसंच मेलं.

हे वाचवत नाही. पण विक्रीची कला म्हणून त्याचा क्रम पाहावा. सुरुवात कमअस्सल कुत्र्यांनी, म्हणजे उरलेली कशी असतील याचा अंदाज पाहणाऱ्याने आपणच बांधावा. मग पाहुण्याच्या काळजाला हात घालणारा प्रसंग. आणि नेमक्या त्या क्षणी एकावर तीन. सोफायटिसला कुत्री विकायची नव्हती, शिकंदराच्या रोषातून राज्य वाचवायचं होतं, असं कोणी म्हणेल. मला त्यात विरोध दिसत नाही. त्याने एक आश्वासन विकलं : हा धरलेलं सोडत नाही.

‘धरलेलं सोडत नाही’ हेच आज डॉग शोच्या मैदानावर दाखवलं जातं. हेल्पर हातात तागाची जाड बाही चढवतो, चाबूक वाजवतो, काठी उगारतो. कुत्रं झेपावतं आणि बाहीला लोंबकळतं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्यानंतर काय होतं ते जवळ उभं राहून पाहावं. हेल्पर हात सैल करून बाही निसटू देतो. कुत्रं ती तोंडात धरून, मान उंच करून, शेपूट हलवत गोल फिरतं. समोर उभ्या असलेल्या, आता निःशस्त्र झालेल्या माणसाकडे बघतही नाही. बाही हेच त्याचं बक्षीस असतं आणि पिल्लू असल्यापासून त्याला तेच शिकवलेलं असतं. हा खेळ आहे, अवघड आणि देखणा खेळ, आणि तो उत्तम शिकवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मध्यरात्री द्राक्षबागेत बाही न घातलेला चोर आला तर तेच कुत्रं काय करील, याचं उत्तर त्या मैदानावर मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. वाघ हा मांजराच्या कुळातला, कुत्रं वेगळ्या कुळातलं. दोघांचा संकर होणं शक्य नाही. मग ॲरिस्टॉटलपर्यंत ही गोष्ट आली कुठून?

पहिलं उत्तर रंगाचं. कुत्र्यांत पिवळसर अंगावर काळ्या पट्ट्यांचा रंग असतो, आपल्या गावठी कुत्र्यांतही हमखास दिसतो. जपानमध्ये काई नावाची पट्टेरी जात आहे, तिला तिथे वाघकुत्रंच म्हणतात. १९३४ मध्ये जपान सरकारने तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून संरक्षण दिलं. तेव्हा हिंदुस्थानी कुत्री पट्टेरी असावीत आणि त्यावरून वाघाची कंडी पिकली असावी, असा तर्क करता येतो. साधा, सोपा तर्क आहे. पण ॲरिस्टॉटल रंगाबद्दल अवाक्षर काढत नाही. ज्या पट्ट्यांवरून कथा निघाली ते पट्टेच कथेतून गळून पडले, हे मला पटत नाही.

दुसरं उत्तर तिबेटी मॅस्टिफचं. जगातल्या प्रत्येक मोठ्या कुत्र्याचं मूळ तिबेटात नेऊन बांधायची एक जुनी खोड आहे. सोफायटिसची कुत्री म्हणजे हिमालयातून उतरलेले मॅस्टिफच, असं पुस्तकांत बिनधास्त छापलेलं असतं. त्याला आधार एवढाच की ती मोठी आणि शूर होती. बाबिलोनच्या उन्हात चार गावांच्या जिवावर पोसलेली ही टोळी दाट लोकरीची तिबेटी कुत्री असतील, हे मानायला माझं मन तयार नाही. आणि समजा असली, तरी वाघाचा उलगडा होत नाही. तिबेटच्या पठारावर वाघ कुठे?

तिसरं उत्तर असं की नर वाघ नव्हता, लांडगा होता. हा तर्क वजनदार आहे, कारण लांडगा आणि कुत्रं यांचा संकर होतो आणि पिल्लंही पुढे वंश चालवतात. पण ग्रीकांना लांडगा अगदी ओळखीचा होता, त्यांच्या डोंगरात तो होताच. लांडग्याला ते वाघ कशाला म्हणतील? वाघ मात्र ॲरिस्टॉटलने पाहिलेला नव्हता. अथेन्समध्ये वाघ आला तो त्याच्या मृत्यूनंतर, शिकंदराचा सरदार सेल्यूकस याने पाठवलेला.

माझं उत्तर चौथं आहे आणि ते मला सुचलं ते निफाड तालुक्यातल्या एका पिंजऱ्यासमोर. उसाच्या कडेला वनखात्याने बिबट्यासाठी लावलेला पिंजरा नाशिक जिल्ह्यात कोणी पाहिला नाही असं होणार नाही. लांबट लोखंडी पेटारा, वर उचलून धरलेलं झडपेचं दार, आत पाऊल पडलं की खाली येणारी फळी. मागच्या अंगाला जाळीने वेगळा केलेला एक खण. त्या खणात भक्ष्य बांधलेलं असतं, शेळी, कोंबड्या, कधी कुत्रं. बिबट्या पुढच्या भागात शिरतो आणि अडकतो, मागचं भक्ष्य जाळीमुळे बचावतं. ही आजची सोय. पूर्वी जाळी नव्हती. पूर्वी भक्ष्य नुसतंच बांधायचे आणि शिकारी झाडावर बसायचा.

आता ॲरिस्टॉटलचं वाक्य पुन्हा वाचा. माद्यांना निर्जन जागी नेऊन बांधतात. पुष्कळशा खाल्ल्या जातात. त्या वाक्यात डोळ्यांनी पाहता येण्याजोगं जेवढं आहे, तेवढं आमिषाचं वर्णन आहे. रानाच्या कडेला खुंटाला बांधलेलं कुत्रं आणि सकाळी उरलेला दोर. परक्या माणसाने हे पाहिलं आणि विचारलं, हे कशासाठी? त्याला उत्तर देणारा जर कुत्री विकणारा असेल, तर तो काय सांगेल? बिबट्या मारण्यासाठी, असं सांगण्यात त्याचा फायदा नाही. वाघाची पैदास धरण्यासाठी, असं सांगण्यात आहे. संकराचा भाग विकणाऱ्याने जोडला. खाल्ल्या जाण्याचा भाग खरा होता म्हणून तोही कथेत राहून गेला, कारण गावातल्या सगळ्यांना तो माहीत होता आणि लपवता येण्यासारखा नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की वाघासाठी रेडकू बांधतात, कुत्रं बांधतात ते बिबट्यासाठी, आणि बिबट्या ग्रीकांना ठाऊक होता. खरं आहे. पण बातमी ग्रीकांपर्यंत थेट आलेली नव्हती, इराणी दरबारातून हात बदलत आली होती. नाशिकच्या शिवारात आजही बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर वाघबारशीला ज्याची पूजा होते तो वाघोबा पट्ट्यांचा की ठिपक्यांचा, याची काटेकोर वाटणी तिथे कोणी करत नाही. घराजवळ येऊन कुत्रं उचलणारा तो वाघ.

दुसरा आक्षेप तिसऱ्या पिढीचा. हा तपशील पैदाशीचा आहे, आमिषाच्या गोष्टीत तो आला कसा? मला तर हाच तपशील माझ्या बाजूचा साक्षीदार वाटतो. लांडग्याच्या संकराचा आजचा जगभरचा बाजार पिढ्यांच्या हिशेबावरच चालतो. एफ-वन म्हणजे पहिल्या पिढीचा, फार उग्र, घरात ठेवण्यासारखा नाही. एफ-टू जरा बरा. एफ-थ्री घ्या, रक्त आहे पण हाताळता येतो. हुबेहूब ॲरिस्टॉटलचं वाक्य. रक्ताचा दावा करायचा आणि समोरचं जनावर मात्र साध्या कुत्र्यासारखं का दिसतं, साध्या कुत्र्यासारखं का वागतं, याचं कारणही त्याच दमात द्यायचं. ही अडचण विकणाऱ्याचीच असते, म्हणून हा तपशीलही त्याचाच.

आणि मग महाराष्ट्रात वाघ आणि कुत्रा एका देहात आलेले आहेतच, हे कसं विसरावं? खंडोबाचा वाघ्या. नाव वाघाचं, गळ्यात परंपरेने वाघाच्या कातड्याची भंडाऱ्याची पिशवी, आणि आचार कुत्र्याचा. देवापुढे भुंकायचं, कोटंब्यात पडेल ते खायचं. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावताना दाखवतात, आणि देवाच्या दर्शनाने वाघांचे भक्त झाले अशीही कथा सांगतात. गुंथर सोंथायमर या जर्मन संशोधकाने आयुष्यभर धनगरांच्या आणि खंडोबाच्या परंपरांचा मागोवा घेताना वाघ्यातल्या या कुत्रेपणाकडे बारकाईने पाहिलं होतं. खंडोबाचं एक मोठं ठाणं आपल्या जिल्ह्यात आहे. मालेगाव तालुक्यातलं चंदनपुरी, बाणाईचं गाव, जिथे देव बाणाईसाठी धनगराच्या घरी मेंढ्या राखायला राहिला. पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. मेंढ्या राखायच्या म्हणजे कुत्रं आलंच, आणि ज्याच्यापासून राखायच्या तो वाघ-लांडगाही आलाच. शत्रूचं नाव राखणदाराला देण्याची रीत मेंढपाळांच्या घरात किती सहज रुजली असेल! रायगडावरच्या वाघ्याच्या ऐतिहासिकतेवरून वाद आहे तो असो, पण त्या कुत्र्याला वाघ्याखेरीज दुसरं नाव लोकांना सुचलं नसतं, एवढं नक्की.

सोफायटिसचा पंजाब आणि बाणाईची चंदनपुरी यांच्यामध्ये शेकडो कोस आणि हजारो वर्षं आहेत, आणि ती साखळी कागदावर जोडून दाखवता येत नाही. तरी माझा कयास ठाम आहे. वाघाचं रक्त ही कल्पना ग्रीकांनी रचली नाही. मेंढपाळांच्या बोलण्यात राखणदार कुत्रा वाघ होताच. विकणाऱ्याने त्या बोलण्याची वंशावळ केली.

यानंतरची बरीचशी शतकं भराभर ओलांडता येतात. रोमनांच्या काळात ग्रीसकडच्या मोलोसियन कुत्र्यांनी बाजार घेतला. मध्ययुगात मोठी कुत्री राजांच्या नजराण्यांत फिरत राहिली. आपल्याकडे पश्चिमेकडच्या तांड्यांबरोबर आलेलं कारवान कुत्रं दख्खनमध्ये मुरलं आणि मुधोळच्या घोरपड्यांनी त्याला नाव मिळवून दिलं. पण ते धावण्याचं, शिकारीचं कुत्रं, आपल्या विषयाच्या जरा बाजूचं. १८९९ साली बेल्जियममधल्या गेंट शहराने पोलिसांच्या रात्रीच्या गस्तीला कुत्री दिली. काही वर्षांत न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तिथूनच कुत्री मागवली आणि राखणीचं चांगलं कुत्रं समुद्रापलीकडून येतं हा समज आधुनिक जगात पुन्हा रुजला. त्याच १८९९ मध्ये जर्मनीत श्टेफानित्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने जर्मन शेफर्डची संघटना काढली. इंग्लंडमध्ये मेजर रिचर्डसन नावाचे लष्करी श्वानप्रशिक्षक एअरडेल कुत्री विकत. त्यांच्या मासिकांतल्या जाहिरातींचा आशय आजच्या कोणत्याही विक्रेत्याने जसाच्या तसा वापरावा असा आहे : घरफोड्यांवर इलाज, एकट्या राहणाऱ्या बायकांना सोबत, मुलांशी प्रेमळ, किंमत अमुक गिन्नीपासून पुढे.

रिचर्डसननी रक्ताचा दावा केला नाही, ही त्यांची सचोटी. तो दावा परतला १९१९ मध्ये. पहिलं महायुद्ध नुकतं संपलेलं, जर्मन हा शब्द इंग्लंडमध्ये नकोसा झालेला. तिथल्या केनेल क्लबने जर्मन शेफर्डची नोंद अल्सेशियन वुल्फ डॉग अशी केली. आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून असलेलं अल्सेशियन ते हेच. जर्मन लपवताना लांडगा पुढे आला आणि लांडग्याला भाव आला. हॉलिवूडमध्ये रिन टिन टिन या जर्मन शेफर्डने १९२५ च्या एका चित्रपटात लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या रंगवला. लोक वेडे झाले. आणि मग दावा उलटला. ऑस्ट्रेलियात मेंढपाळ घाबरले की हा लांडगा डिंगोंशी जुगेल आणि कळपांचा फडशा पाडेल. १९२९ मध्ये तिथे या जातीच्या आयातीवर बंदी आली आणि ती १९७० च्या दशकापर्यंत टिकली. इंग्लंडनेही नावातला लांडगा काढून टाकला.

इथे एक हॉलंडचा माणूस आणावाच लागतो, कारण त्याने दावा खरा करून पाहिला. लेंडर्ट सार्लोस याने १९३० च्या दशकात जर्मन शेफर्ड नर आणि खरीखुरी लांडग्याची मादी यांचा संकर केला. कामाला अधिक कणखर कुत्रं निघेल अशी त्याची आशा होती. निघालं ते लाजरं, परक्याला पाहताच मागे सरणारं, संधी मिळाली की पळून जाणारं. त्याच्या नावाची जात आजही आहे, आणि तिचा हाच स्वभाव मान्यताप्राप्त वर्णनात नोंदलेला आहे. यात नवल काहीच नाही. लांडगा माणसाला टाळूनच जगला. आपल्या माळरानांवर मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या कोणत्याही धनगराला विचारलं असतं तर त्याने सार्लोसचे कष्ट वाचवले असते. परक्यासमोर पाय रोवून उभं राहणं हे कुत्र्याचं स्वतःचं वैशिष्ट्य आहे. ते त्याने माणसाच्या सोबतीत कमावलं आहे. लांडग्याचं रक्त वाढवलं की ते कमी होतं. आणि मोठं काम करायला लांडग्याचं रक्त लागतंच असंही नाही : १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकणारा पोलिसांचा कुत्रा जंजीर साधा लॅब्रेडॉर होता.

आता पुन्हा नाशिक. व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये बंदी घातली. त्यानंतर बाजारातल्या इम्पोर्टेड पिल्लाचा अर्थ बहुधा आजोबा-पणजोबा इम्पोर्टेड असा असतो. माल येणं थांबल्यावर रक्ताची गोष्ट आणखी कामाची झाली. मार्च २०२४ मध्ये पशुसंवर्धन खात्याने २३ धोकादायक जातींची यादी काढली. रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड आणि चक्क वुल्फ डॉग. महिन्याभरात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केलं, पण यादीत नाव असणं हीच काही जणांना जाहिरात वाटू लागली.

आणि ज्या वाघाच्या नावावर हा सगळा डोलारा उभा आहे तो रोज रात्री काय खातो? आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के आहार कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात. कुत्रं उघड्यावर असतं किंवा, जास्त वाईट म्हणजे, अंगणात साखळीला बांधलेलं असतं. ॲरिस्टॉटलच्या माद्यांसारखंच. लाखभर मोजून आणलेलं कुत्रं वस्तीवर रात्री साखळीने बांधून ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. कुत्र्याच्या मानेला खिळ्यांचा पट्टा घालण्याची पद्धत याच अनुभवातून आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या भीतीने माणसांनीच तसे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले.

वस्तीवरचं कुत्रं बिबट्याशी लढून राखण करत नाही. ते वेळेवर भुंकून राखण करतं, आणि त्यासाठी ते रात्री मोकळं पण आडोशाला, माणसाच्या हाकेच्या अंतरावर लागतं. गावठी कुत्रं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. ज्याला तरीही मोठ्या जातीचं पिल्लू हवंच आहे, त्याने जरूर घ्यावं. त्यात गैर काही नाही. २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीला आणि विक्रीला केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादीला दीड वर्षाच्या आत जुगवता येत नाही आणि तिची आयुष्यात पाचाहून जास्त बाळंतपणं करता येत नाहीत. तेव्हा रक्ताची गोष्ट सुरू झाली की ती ऐकून घ्यावी, मग पिल्लाची आई पाहायला मागावी, आणि ती आजवर कितीदा व्याली ते विचारावं.